मूकपटातला गायब क्लोजअप

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळाने यंदा हौसेने मूकपट काढला: देखणा नवरा, सोशिक बायको आणि तिसरी. नवरा झाले उल्हास, तिसरी झाली सीमा. खेळाच्या आदल्या दिवशी त्यातला एक प्रसंग कुणीतरी पार डिलीट केला, आणि मंडळाने बोट दाखवलं उल्हासच्या खऱ्या बायकोकडे.

"चाळीस वर्षं यांच्यात वावरले, आता मला जळकी म्हणतात," पद्मजावहिनी म्हणाल्या. "अनया, एवढा डाग घालव."

अनया खाजगी डिटेक्टिव्ह. निवृत्त इंजिनियर मोरेश्वर तिचे मदतनीस; उत्साह दांडगा, डोकं बेताचं. चहा करताना त्यांनी पाठमोऱ्यानेच साखर किती म्हणून विचारलं. उत्तर नाही. समोर येऊन विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, एक चमचा. बिचारी दुःखात आहे, असं त्यांना वाटलं.

दिग्दर्शक नकुलने सांगितलं, मूकपटाचा लॅपटॉप उल्हासच्या बेसमेंटमध्ये असे. तिथे आम्ही चौघंच जायचो: मी, सीमा, उल्हास आणि वहिनी. मिठीचे प्रसंग शाबूत होते. गेला तो फक्त उल्हासच्या चेहऱ्याचा क्लोजअप. त्यातले संवाद काय होते, अनयाने विचारलं.

"साउंड रेकॉर्डच नाही केला. मूडसाठी मोठ्याने व्हायोलिन लावलं आणि म्हटलं, मनाला येईल ते बोला. संवादाच्या पाट्या नंतर टाकणार होतो." नकुल म्हणाला. "खरे शब्द कुणाला कळणार होते?"

सीमाने नजर चुकवली. "जे बोललो ते बोललो, यार. कुणाला ऐकू जाणार होतं?"

संध्याकाळी सगळे बेसमेंटमध्ये जमले. बायकोनेच केलं असणार, असं मोरेश्वर कुजबुजले.

"काका, जळणारी बायको आधी मिठ्या डिलीट करेल," अनया म्हणाली. "गेला तो बोलणारा चेहरा. तो आवाजाशिवाय कोण वाचेल? काकूंना ऐकू येत नाही, त्या ओठ वाचतात. म्हणून साखरेचं उत्तर मिळालं नाही. नकुल, सीमाला याचा पत्ता नाही. ठाऊक फक्त घरच्या माणसाला, उल्हासकाकांना. शूटिंगमध्ये भान सुटलं, काकू पडद्यावरचे ओठ वाचतील हे नंतर आठवलं. आणि काकूंनी आधीच वाचलं असतं, तर मला शोधायला लावलं नसतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो, हे कळून मोरेश्वरांची मान खाली गेली. उल्हासनी काहीच नाकारलं नाही.

वहिनींवरचा डाग गेला होता. त्यांच्याकडे बघण्याची मात्र कुणाची हिंमत होईना. मोरेश्वरांना वाटलं, हा शोध लागलाच नसता तर बरं झालं असतं.

उल्हास उठून बायकोसमोर बसले. तिचा हात हातात घेतला.

"पद्मा, मी तिला काय म्हणालो ते तुला सांगतो."

वहिनींनी डोळे मिटून घेतले.