न मागितलेली खिचडी

अनुराधा सलाईनची सुई लावत असताना कादिरने डोळे उघडले. "दीदी, नागेश को ले गए."

तिचा हात थांबला. नागेश तिचा धाकटा भाऊ, जेद्दाच्या बंदराबाहेरच्या कामगार-कॅम्पात वेल्डर. ती या हॉस्पिटलात नर्स.

"कुणी नेलं?"

"कंपनीच्या सिक्युरिटीने. नाश्त्याच्या आधीच," कादिरला घेऊन आलेला सुमीत म्हणाला. तो कॅम्पचा स्टोअरकीपर, अकोल्याचा. "आता कोठडीत असेल. तिथून घरी पाठवतील, नाहीतर तुरुंगात."

"केलं काय त्याने?"

सुमीतने पडदा ओढून घेतला. इथे युनियन म्हणजे गुन्हा आणि संपही गुन्हा. भर दुपारच्या उन्हातलं काम थांबावं म्हणून नागेशने वाट काढली होती. संप नाही, उपास. आज संकष्टी. सगळ्यांनी मेसचं ताट नाकारायचं. विचारलं तर सांगायचं, आमचं व्रत आहे.

"मग?"

"मेसमध्ये पाहतो तर साबुदाण्याची खिचडी तयार. कॅम्पचा मॅनेजर म्हणतो, तुमच्या देवासाठी केलीय, खा. उपासाचंच म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? लोकांनी ताटं उचलली. खलास."

"आधीपासून कुणाला माहीत होतं?"

"नागेश, मी, कादिर आणि गुरुनाथभाऊ. त्यांच्याच घरी ठरलं. बाकीच्यांना सकाळी सांगायचं होतं. कॅम्पात आता सगळे फितूर म्हणून कादिरचं नाव घेतायत."

"खिचडी कशी होती?"

सुमीत चमकला. "ताई, हे काय विचारताय? जिरं नाही, कोथिंबीर नाही. आजाऱ्याला देतात तसली. आमच्याकडे असली केली तर आजोबा ताट सरकवतील."

"आणि तू चक्कर येऊन का पडलास?" तिने कादिरला विचारलं. तो हैदराबादचा, कॅम्पात नवा.

"नागेश बोला उपास. मैं समझा रोज़े जैसा, पानी भी नहीं."

"अरे बाबा, आमच्या उपासाला माणूस दुप्पट खातो," सुमीत म्हणाला.

अनुराधा हसली नाही.

ड्यूटी संपल्यावर तिने घरी खिचडी केली आणि डबा घेऊन गुरुनाथकडे गेली. गुरुनाथ मूळ गुहागरचा, बँकेत मोठ्या पदावर, 'सागरबंधू प्रतिष्ठान'चा अध्यक्ष. प्रतिष्ठानच्या रुग्णवाहिका कोकणात फिरत. निवडणूक आली की उमेदवार आधी त्याला फोन करत. इथल्या कंपन्यांची दारंही त्याला उघडी होती.

"नागेशचं कळलं. फार वाईट झालं, ताई," तो म्हणाला.

"तुमचीही संकष्टी ना? खिचडी आणलीय."

त्याच्या बायकोने, स्वप्नाने, ताटली भरली. गुरुनाथने एक नजर टाकून ती बाजूला ठेवली.

"जिरं घातलंत. आमच्या घरात उपासाला चालत नाही, कोथिंबीरही नाही. राग मानू नका."

"राग कशाला?" अनुराधा खालच्या आवाजात म्हणाली. "मला तेवढंच पाहायचं होतं."

"म्हणजे?"

"मेसचा आचारी केरळचा. त्याला उपासाची खिचडी कुणीतरी सांगितली. जिरं, कोथिंबीर वगळून. सुमीतने सांगितली असती तर जिरं असतं. कादिरला तर उपासात खातात हेच ठाऊक नव्हतं. तो पाण्यावाचून कोसळला. नागेश स्वतःला पकडून देणार नाही. राहिलं कोण, भाऊ?"

स्वप्नाच्या हातातला डाव ओट्यावर आदळला.

गुरुनाथने नाकारलं नाही. "या कंपन्यांची दारं मला का उघडी, ठाऊक आहे? माझी माणसं गप्प राहतात म्हणून. मंत्री माझ्याकडे जेवतात तेही त्याचसाठी. संप झाला असता तर सगळेच आत गेले असते. मी एकावर भागवलं."

"तो एक माझा भाऊ आहे. त्याला सोडवा."

त्याने फोन लावला. पहिल्याच रिंगला मॅनेजरने उचलला. दोन मिनिटं इंग्रजी, थोडं अरबी, एकदा हसणंही. मग गुरुनाथने फोनवर हात ठेवला.

"नागेश उद्याच्या विमानाने घरी जाईल. पण त्यांना म्होरक्या हवाय, ताई. दुसरं नाव द्यावं लागेल. कादिरचं देतो. कॅम्पात तसंही सगळे त्यालाच फितूर..."

"द्या त्याचं. मग जिऱ्याची गोष्ट प्रत्येक खोलीत जाईल आणि तिथून गावी. त्या घरांतलं एक मत तुमच्या शब्दावर पडणार नाही."

"मग कुणाचं देऊ?"

"बेत याच सोफ्यावर ठरला होता."

गुरुनाथ हलकंसं हसला. आपल्याला कोण हात लावणार, असं ते हसू होतं. त्याने हात काढला. "म्होरक्या कुणी नाही. बैठक माझ्या घरी झाली. जबाबदारी माझी."

मग मॅनेजर तितक्याच अदबीने बोलला. खोलीत तिघांनाही ऐकू गेलं.

त्याने विचारलं होतं, तुमच्या घराचा पत्ता अजून तोच ना?