डोरीनच्या बाजूचं दार

बसा, कॉफी घ्या. घाईत सांगण्यासारखी गोष्ट नाही ही.

आमच्या ओहायोत, सरोवराच्या काठाला, हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. बर्फ वितळतो आणि जुन्या गाड्यांचे पत्रे सडतात. माझं पोट त्या मिठावर चालतं. सडलेला पत्रा काढायचा, त्या जागी फायबर बसवायचं. ते गंजत नाही, वजनाला हलकं. जोरात लागलं तर तडकतं, पण पत्र्यासारखा पोचा त्याला कधी पडत नाही. एवढं ध्यानात ठेवा.

फेब्रुवारीत मर्ल स्टॉफर आपली सहासष्ट सालची निळी गाडी घेऊन आला. निवृत्त टपालवाला, पंच्याहत्तरीचा. मडगार्ड, बॉनेट, दारं, सगळ्याची खालून चाळणी झालेली.

"सगळं बदल, ग्लेन. फक्त हे दार राहू दे."

ड्रायव्हरशेजारच्या सीटचं दार. सगळ्यांत सडलेलं तेच, आणि बाहेरून कमरेच्या उंचीला तळव्याएवढा पोचा.

"डोरीनचं काम," तो हसला. "उतरली की दोन्ही हातांत पिशव्या. दार कमरेनं ढकलायची. मी कुरकुरलो की म्हणायची, एवढं नाजूक आहे तर त्याच्याशीच लग्न करायचं होतंस."

त्याची बायको डोरीन नोव्हेंबरात वारली होती.

"अजून वाजतं ते," मर्ल म्हणाला. "घरी येऊन इंजिन बंद केलं, की तिकडचं दार ढप्पकन लागतं. बघावं तर आधीपासून लागलेलंच. म्हणजे ती उतरून घरात गेली... मग मी जातो."

हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा बोलला. मी बरं म्हटलं. म्हातारा खचलाय, एवढंच मनात आलं.

आता माझी चूक सांगतो. पोचा दिसला की माझे हात शिवशिवतात. त्यात बिजागरीपाशी पत्रा बोटानं तुटत होता. असं दार माझ्या गॅरेजातून बाहेर पडलं तर लोक काय म्हणतील, या तोऱ्यात मी पोचा पुट्टीनं भरला, दाराचा साचा घेतला आणि फायबरचं गुळगुळीत दार बसवलं. म्हाताऱ्याला आवडेलच, अशी स्वतःची समजूत घातली. जुना पत्रा कोपऱ्यात टाकला. गुरुवारी भंगारवाला घेऊन गेला.

शुक्रवारी दुपारी मर्ल आला. खुशीत गाडीभोवती फिरला आणि त्या दाराशी थांबला. तळवा ठेवला, वर-खाली फिरवला.

"ग्लेन... पोचा कुठाय?"

"दार पार गेलं होतं, मर्ल. म्हटलं, तुम्हाला नवंच..."

"जुनं कुठाय?"

मी कोपऱ्याकडे बघितलं. त्यानंही बघितलं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो सरळ गाडीत बसला, दार लावून घेतलं, किल्ली फिरवली. तेवढ्यात दुसरं दार वाजलं. ढप्प. फायबरचा पोकळ आवाज नव्हे, जड पत्र्याचा. दोन्ही दारं तर बंद होती. रसायनांच्या उग्र वासात ओल्या लोकरी कोटाचा वास मिसळला.

मर्ल शेजारच्या सीटकडे बघत राहिला.

"उतरली," तो हळूच म्हणाला. "पण इथं... इथं तिचं कोण आहे?"

इंजिन चालू ठेवून त्यानं अर्धा तास वाट बघितली. मग गेला. संध्याकाळी फोन आला. "घरी दार वाजलं नाही रे." मला रडू आवरलं नाही. मी भंगारवाल्याकडे धावलो. सगळ्या पत्र्याचे चपटे ठोकळे झाले होते.

तेव्हापासून, ती इथंच राहिलीय का ते बघायला, घरी जाताना मी गॅरेजातल्या गाड्यांची दारं उघडी ठेवायला लागलो. सकाळी सगळी लागलेली असायची. गेल्या बुधवारी दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाच्या गाडीच्या नव्या फायबरच्या दारावर, कमरेच्या उंचीला, तळव्याएवढा पोचा होता. तडा कुठेच नाही.

मी मर्लला बोलावलं. त्यानं पोच्यावर तळवा ठेवला, वर-खाली फिरवला.

"तिचाच," म्हणाला. "पण ही गाडी आमची नाही, ग्लेन."

मी त्या गाडीच्या मालकाला दार मागितलं, दुसरं बसवून देतो म्हटलं. "मला तर कुठे पोचा दिसत नाही," तो म्हणाला, आणि शनिवारी गाडी घेऊन आपल्या गावी, टोलीडोला गेला.

रविवारी सकाळी गॅरेज उघडलं. सगळी दारं मी ठेवली होती तशीच, उघडी होती.