वेणूची शर्यत

दादू कोळ्यानं होडीला आपल्या मेलेल्या बायकोचं नाव दिलं होतं. वेणू. होडीचं नाव दुसऱ्या कशालाही द्यायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्याच्या मुलाला, प्रितेशला, रीत ठाऊक होती. तरी खांदा कॉलनीतल्या गेम पार्लरात पडद्यावरच्या शर्यतीसाठी घोडी निवडताना त्यानं तिला वेणू नाव दिलं. आईचं नाव लाभेल म्हणून. लाभलंही. घोडी हरेचना. प्रितेश तिच्यावर पैसे लावतच राहिला.

इकडे खाडीत बांधलेल्या होडीच्या फळ्या सकाळी, ऊन यायच्या आधीच, गरम लागू लागल्या. नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला, फेस. वास खाऱ्या पाण्याचा नव्हे, घामाचा. मग बाजूच्या फळ्यांवर बारीक, लांब वळ उठले. दादूनं हात ठेवला तसं लाकूड थरथरलं. सांधे उघडत चालले होते. अशा आणखी दोन-चार शर्यती झाल्या, की होडी गेलीच.

प्रितेशच्या घोडीचं नाव कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, तसा दुपारी तो पार्लरात शिरला.

"काका, मासळी बाहेर ठेवा," गल्ल्यावरचा कृष्णकांत हसला.

"मासली नाय. बायकोला न्यायला आलोय."

पडद्यावर घोडे धावत होते. कोरडी धूळ उडत होती, आणि एकच घोडी निथळत होती. तिच्यावर चाबूक पडला.

"कम्प्युटर हाय तो, बाबा," प्रितेश पुटपुटला. "ही जिंकली का आपन नवीन इंजिन घेऊ."

"तिला मारून?"



दादू पडद्यासमोर उभा राहिला. होडी वळवताना द्यायची ती हाक त्यानं दिली.

"वेणूऽ, फिर!"

घोडी थांबली. पाठीवरचा स्वार आता नव्हता. ती पडद्याच्या कडेशी चालत गेली आणि दिसेनाशी झाली.

मग बाकीचे घोडेही वळले. तिच्या मागं.

"ए, सेटिंग कोणी बदललं?" कृष्णकांत ओरडला. पडद्यावर नुसती धूळ होती.

बापलेक खाडीवर आले. ओहोटी लागली होती, पण होडीखाली अजून पाणी होतं. चिखलात टापांचा एकच माग होडीपर्यंत गेलेला. फळ्या गार झाल्या होत्या. दादूनं दोर सोडला.

"बाबा..."

मागं चिखलात टापा उमटत होत्या. पुष्कळ. घोडा एकही नाही.

"बस आत. वल्हं घे," दादू म्हणाला. "येऊ देत. पान्यावर माझी बायको कुनाला हरली नाय."

होडी खोल पाण्यात शिरली. ठसे काठाशी पोचले.

तिथून पुढं पाण्यावर वर्तुळं उठू लागली. एकेक, जवळ येत.