डावा कान

डावीकडून

आवाज आला तिकडे तिने मान वळवली, तर आकाश रिकामं.

"पुढे बघा," शेजारचा म्हणाला. "आवाज मागून येतो. विमान केव्हाच गेलेलं असतं."

"माणसांसारखंच की," ती म्हणाली.

तो हसला नाही.

विमानांच्या कसरतींची तिकिटं ताईने काढली होती, आणि ऐनवेळी टांगही ताईनेच दिली. रविवारी भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं, म्हणून ती एकटीच आली. विमानांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण शेजारचा हा इंजिन मेकॅनिक, सुट्टीतही विमानंच बघायला आलेला... उघडी इंजिनं दाखवताना त्याची बोटं किती हळुवार होत होती! तो दाखवत राहिला, ती त्याच्या डाव्या बाजूने बोलत राहिली.

समोरासमोर

चहा घेताना तिने आपलं काम सांगितलं. ती कान तपासते. काचेपलीकडून बारीक आवाज सोडते. ऐकू आला की समोरच्याने हात वर करायचा.

"काहीजण आवाज नसतानाही करतात."

"का हो?"

"बहिरे ठरायची भीती. किंवा... काचेपलीकडे आता कुणीच नाही, याची."

"मग?"

"खोटा हात. फुली मारते."

पुन्हा डावीकडून

कुंपणाशी गर्दी विरळ झाली होती.

"हा दिवस संपू नये असं वाटतंय..." ती हळूच म्हणाली. "तुम्हाला?"

तो आकाशाकडेच बघत राहिला. ती त्याच्यासमोर आली.

"निघते मी."

"इतक्यात? काही चुकलं का माझं?"

"विचारलं ते ऐकून सोडून दिलंत की!"

"कधी?" मग तो ओशाळला. डाव्या कानाला हात लावला. "हा कामातून गेलाय. इंजिनांनी खाल्ला."

म्हणजे सकाळपासून ती — कान तपासणारी! — बंद दारावर...

"सांगायचं नाही होय?"

"तुमचं काम ऐकलं आणि धीरच होईना. म्हटलं, लगेच पेशंट करून टाकाल."

उजवीकडून

"परत विचारा ना," तो म्हणाला.

दुसऱ्यांदा विचारणं किती अवघड! ती वळसा घालून पलीकडे गेली, टाचा उंचावल्या, तोंड उघडलं —

आणि डोक्यावरून चार विमानं एकदम गेली. तिचं बोलणं तिलाच ऐकू आलं नाही.

सगळं मैदान वर बघत होतं. तो मात्र तिच्याकडे.

त्याने सावकाश हात वर केला.

खोटा हात. अगदी शंभर टक्के खोटा.

तिने तो धरून खाली घेतला... आणि सोडला नाही.