सेर्वाला आलेला संशयास्पद निरोप

सेर्वाने एका चोराला स्वतःचा रुमाल दिला तो दिवस मंगळवारचा होता आणि पाऊस असा कोसळत होता की फाटकावरचा पहारेकरी आपल्या टपरीतून बाहेर यायला तयार नव्हता.

चोर ऑफिसच्या दाराशी उभा होता. खांद्यावर शिडी, हातात हत्यारांची पेटी आणि पापण्यांवरून ओघळणारं पाणी.

"आतल्या खोलीतला एसी बघायला आलोय," तो म्हणाला. "पण दार उघडायला तिसरा हात नाही."

"एसी बिघडल्याचं मला कुणी सांगितलं नाही."

"एसी स्वतःहून कधी सांगतो का, मॅडम?"

सेर्वा हसली, आणि हसली तिथेच फसली. तिने आपलं कार्ड लावून कॉम्प्युटरच्या खोलीचं दार उघडलं. तो ठिबकत होता म्हणून पांढरा रुमाल दिला. एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही, डब्यातल्या दोन गरम बोफ्रोटांपैकी, म्हणजे तळलेल्या गोड गोळ्यांपैकी, एकही त्याच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंटी अचिआंनी सगळ्यांना बोलावलं. कुमासी शहराच्या कासे भागातला हा प्लास्टिकच्या खुर्च्यांचा कारखाना आंटींचा, चौतीस माणसांचा. आंटींच्या शेजारी चोर उभा होता, इस्त्रीच्या शर्टात.

"हे क्वाकू ओबिरी, राजधानीहून, आक्राहून आलेत," आंटी म्हणाल्या. "शेजारच्या गादीच्या कारखान्यात कुणीतरी नको तो मेल उघडला आणि नऊ दिवस यंत्रं बंद पडली. आपल्याकडे तसं होऊ नये म्हणून मी यांना आणलंय. आधी आपण किती भोळे आहोत ते बघा म्हटलं."

ओबिरीने पडद्यावर फोटो लावला. कॉम्प्युटरच्या खोलीत शिडीवर बसून तो बोफ्रोट खात होता.

"इथपर्यंत यायला मला चार मिनिटं लागली," तो म्हणाला. "पाहुणचारही झाला."

तेहतीस माणसं सेर्वाकडे वळून बघायला लागली. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. खुर्च्यांच्या ऑर्डरी तीच घेई, आणि ती टेबलावर जे टाइप करी ते थेट साच्याच्या यंत्रावर जाई. म्हणजे कारखान्याचं खरं दार तीच होती.

"माझा रुमाल परत द्या," सगळे पांगल्यावर ती म्हणाली.

"तो पुरावा आहे. जपून ठेवावा लागतो."

हे त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं, की रागवावं का हसावं हेच तिला कळेना. पुढचे तीन आठवडे तिचं हेच होत राहिलं.

शुक्रवारी सगळ्यांना मेल आला. 'आदरणीय आजी मामे फ्रेमा यांचं निधन. पत्रिका बघण्यासाठी इथे दाबा.' आता कुमासीत अंत्यविधीची पत्रिका न उघडता कोण राहील? शनिवारी कुठे जायचं, काळं नेसायचं, लाल नेसायचं की काळं-पांढरं, सगळं त्यावरच ठरतं. एकतीस जणांनी दाबलं. उरलेले तिघं रजेवर होते.

दुपारी ओबिरी केळेवेळेचा पुडा घेऊन तिच्या टेबलापाशी आला. तळलेल्या पिकल्या केळ्यांचा आणि आल्याचा वास पसरला.

"तुम्ही एका आजीला मारलंत!" सेर्वा भडकली.

"ती कधी नव्हतीच."

"तरी मारलंत. मरणाची थट्टा करू नये, ओबिरी."

ओबिरी पुडा तिच्याकडे सरकवून म्हणाला, "माझी खरी आजी मामपोंगला असते. आईच्या मागे तिनेच मला वाढवलं. तिला हे कळलं तर कान उपटेल माझे."

"हे खरं?"

"हे खरं."

"मग ओळखायचं कसं माणसाने? खरं कुठलं, खोटं कुठलं?"

"निरोप ज्या वाटेने आला, त्या वाटेवर विसंबायचं नाही. फोन करायचा, नाही तर सरळ समोर जाऊन विचारायचं. आणि शंका आली तर मेलवरचं ते लाल बटण दाबायचं. मला लगेच कळतं."

"आणि... तुमच्याबद्दलच शंका आली तर?"

ओबिरीने मान वर केली. त्याची नजर जरा जास्तच वेळ थांबली.

"तेही मलाच कळेल," तो म्हणाला.

मग तो रोजच तिच्या टेबलापाशी दिसू लागला. तिचा पासवर्ड त्याने दुसऱ्याच खेपेला ओळखला. ती गुरुवारी जन्मलेली म्हणून तिचं वाराचं नाव याआ, आणि पुढे जन्मसाल. "अगं, गुरुवारच्या सगळ्याच मुली याआ असतात, चोराला काही डोकं चालवावं लागेल की नाही?" तिने पासवर्ड बदलला. नवा काय ते त्याने तीनदा विचारलं, तिने तीनदा नाही सांगितलं, तेव्हा कुठे त्याने शाब्बासकी दिली. नव्या पासवर्डात शिडी होती. पण ते ती कुणालाच सांगणार नव्हती.

तो चक्क 'तू' म्हणू लागला होता, आणि तीही. पण रात्रंदिवस तिच्या मनात एकच किडा वळवळायचा. हा असा बघतो, असा हसतो... हीसुद्धा परीक्षाच असेल तर? पडद्यावर पुन्हा आपलाच फोटो लागेल, आणि तेहतीस माणसं वळून बघतील. तिला तो आवडला होता, अगदी मनापासून आवडला होता, आणि म्हणूनच तिला त्याची भीती वाटत होती.

काम संपलं. ओबिरी आक्राला गेला. जाताना दारात घुटमळला, "सेर्वा, मी..." म्हणाला आणि आंटींनी हाक मारली म्हणून वळला. एवढंच.

अकराव्या दिवशी मेल आला.

'मामे कोनाडू यांचं निधन. पत्रिका सोबत.' आणि खाली, 'शनिवारी मामपोंगला ये. काळं-पांढरं नेस. तू आली नाहीस तर मला फार एकटं वाटेल. — ओ.'

सेर्वाने ते दोनदा वाचलं. मग तिला आधीची मामे फ्रेमा आठवली. पुन्हा आजी, पुन्हा पत्रिका! आणि यावेळी नेमकं तेच वाक्य, जे वाचायला ती अकरा दिवस तळमळत होती. हे कुणाला कळलं असणार? त्यालाच. तिचे कान गरम झाले. तिने लाल बटण दाबलं.

लगेच उत्तर आलं. 'शाब्बास! तुम्ही धोका ओळखलात.'

तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिला रडू आलं, आणि ते का, तेही कळेना.

गुरुवारी आंटी टेबलापाशी आल्या. "तीनशे पांढऱ्या खुर्च्या उद्या पहिल्या ट्रकने जाऊ देत गं. मामपोंगला."

"मामपोंग? कुणाच्या इथे?"

"आपल्या ओबिरीच्या. आजी गेली ना त्याची. मला पत्रिका आली तेव्हा आधी फोन करून खात्री केली, त्याने शिकवल्याप्रमाणे." आंटी थांबल्या. "तू नाही केलास?"

सेर्वाने तो मेल पुन्हा उघडला. आजी गेल्याचं त्याने तिला कळवलं होतं, आणि तिने ते लबाडी म्हणून त्याच्याच दारात फेकलं होतं. तिने फोन उचलला, तीनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत तीनदा कापला. एवढं फोनवर कसं सांगणार?

शनिवारी ती काळं-पांढरं नेसून ट्रोट्रो मिनीबसमध्ये बसली. मामपोंगला मांडवात ढोल चालू होते. रीतीप्रमाणे तिने उजव्या टोकापासून घरच्यांच्या रांगेशी हात मिळवले. रांगेत ओबिरी होता. डोळे सुजलेले. तिचा हात हातात येताच तो दचकला. त्याच्या दुसऱ्या हातात एक चुरगळलेला पांढरा रुमाल होता. तिने आपला रुमाल ओळखला.

तिला पाणी दिलं. पाणी पिऊन झालं की पाहुण्याने येण्याचं कारण सांगायचं असतं, सगळ्यांसमोर. ओबिरीचे थोरले मामा घरातले कर्ते. त्यांनी विचारलं, "इकडे सगळं कुशल आहे, दुःख तेवढं आहे. तू काय काम घेऊन आलीस, लेकी?"

दुखवटा द्यायला आले, एवढं म्हटलं की झालं असतं. वाटेत तिने ते दहादा घोकलंही होतं.

"मामा, मला... मला इथून एक निरोप आला होता. तो मी खोटा ठरवला. घाबरले होते. तो खरा आहे का, ते समोर येऊन विचारायला आलेय."

रांगेत कुजबुज झाली. एक म्हातारी "एइ!" म्हणाली.

मामा भाच्याकडे वळले. "निरोप तुझा?"

"माझाच." ओबिरीचा आवाज बसला होता. "तिने लाल बटण दाबलं. मला वाटलं, हेच तिचं उत्तर."

"आणि 'शाब्बास' कुणी लिहिलं मला?" सेर्वाला राहवेना.

"ते आपोआप जातं गं! मी ते महिन्यापूर्वी लिहून ठेवलं होतं..."

"थांबा दोघं," मामा म्हणाले. "सरळ सांग, क्वाकू. हिची परीक्षा घेत होतास, की हिला बोलावलंस?"

"बोलावलं, मामा. आजीला दाखवणार होतो हिला. उशीर झाला." त्याने डोळे पुसले, तिच्याच रुमालाने. मग तो तिच्याकडे बघून, सगळ्या गोतासमोर म्हणाला, "माझं प्रेम आहे हिच्यावर. शिडीवर बसून बोफ्रोट खाल्ला तेव्हापासून."

सेर्वाला एकाच वेळी हसू आणि रडू आलं.

"माझंही," ती म्हणाली.

मामांनी तिला न्याहाळलं. मग मागे वळून कुणाला तरी हाक मारली, "अरे, हिला खुर्ची द्या. तिकडे पाहुण्यांत नको, इथे, घरच्यांच्या रांगेत."

पांढरी खुर्ची आली, तिच्याच कारखान्याची, तिनेच टाइप केलेल्या ऑर्डरीतली. ओबिरीने ती हाताने पुसली आणि आपल्या शेजारी मांडली. सेर्वा बसली.