काजळीला कडी का लागते?

"पापणी लवली! राखाड्या कधी पापणी लववतो का? चार भाग झाले, एवढं तरी माहीत हवं!"

मेकअपच्या खुर्चीत तोंडाला राख फासून बसलेल्या माणसावर मी खेकसले. त्यानं निमूटपणे डोळे ताणून धरले. पाणी गालावर ओघळलं, तरी धरलेलेच. मग हळूच म्हणाला, "मी नट नाही हो... राखाड्याचा लेखक. हा लेप कितपत खाजतो ते बघायला बसलोय."

अगं बाई! मी लाजेनं अर्धमेली झाले.

"मग डोळे कशाला ताणलेत?"

"तुम्ही एवढ्या चिडलात... म्हटलं, नियम म्हणजे नियम."

झालं, तिथंच मी भाळले. हसा खुशाल! माझं काम कंटिन्युइटीचं. मागच्या प्रसंगात पेला डाव्या हातात असेल, तर पुढच्या प्रसंगातही तो डाव्याच हातात हवा, हे मी बघते. असल्या बाईला नियम पाळणारा पुरुष भेटणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक.

सिनेमा दोन भयपट-मालिकांचा मिळून होता. त्यांचा राखाड्या आणि आमची काजळी, ही दोन भुतं समोरासमोर. काजळीचे पाचही भाग मी सांभाळले होते. आतून कुणी दार उघडल्याशिवाय तिला घरात शिरता येत नाही. सगळी भीती त्यातच तर आहे... आपल्याच घरातलं कुणीतरी उठतं आणि कडी काढतं. आणि त्यानं लिहिलेल्या या नव्या संहितेत? पहिल्या प्रसंगात बाईसाहेब भिंतीतून आरपार, अन् विसाव्यात साध्या कडीपुढे हात चोळत उभ्या!

"भिंत निर्मात्यांनी घुसडली," तो म्हणाला. "तुमचंच बरोबर आहे. आपण बदलू या?"

मग रोज जेवणाच्या सुट्टीत, कपड्यांच्या कोठीत, झग्यांच्या रांगेमागे बसून आम्ही पहिला प्रसंग नव्यानं लिहिला. बाहेर पत्र्यावर पाऊस तडतडायचा. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंही नाही.

"मी दार वाजवलं तर उघडशील?" त्यानं एकदा माझ्या हातातली पेन्सिल काढून घेत विचारलं.

"आधी वाजव तरी..."

"बैठकीत बघच तू. या प्रसंगासाठी भांडणार आहे मी."

माझा विश्वास बसला. पूर्ण बसला.

बैठकीत निर्मात्यांनी पानं टेबलावर आपटली. "हा दाराचा हट्ट कुणाचा?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पेनाचं टोपण काढत होता, लावत होता.

"यांचा..." तो म्हणाला. "मला स्वतःला भिंत चालेल."

"अहो ताई, भुताला कसले आलेत नियम!" निर्माते म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. तोही हसला. पानं टोपलीत गेली, त्याचं मला एवढं नाही वाटलं. पण त्याचं ते हसणं... माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि बाहेर पडले.

जिन्यात त्यानं मला गाठलं. धापा टाकत होता.

"ऐक ना... मला तुझ्याशिवाय करमत नाही. लग्न करू या आपण."

हे ऐकण्यासाठी मी किती दिवस कान टवकारून बसले होते! आणि ऐकलं ते असं.

"चल वर," मी म्हणाले. "त्यांच्यासमोर एवढंच सांग, की तो प्रसंग आपण दोघांनी लिहिला."

"आत्ता? ते तापलेत गं... सोमवारी बघतो."

"कोठीत वाघ आणि टेबलापाशी शेळी! काजळी बिचारी परवडली. तिचे प्रसंग निदान दुसरे लिहितात. तुझे कोण लिहितं रे?"

वरून कुणीतरी त्याला हाक मारली.

"तुझं प्रेम आहे की नाही, तेवढं सांग," तो पुटपुटला.

"आहे. म्हणून तर अजून जिन्यात उभी आहे."

वरून दुसरी हाक आली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, शर्ट नीट केला आणि "आलो, आलो" म्हणत दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.