हॉइट कंडिफचा पिवळा कागद

सोमवारी दुपारी हॉइट कंडिफ धान्याच्या दुकानावरचा जिना चढून ओपल ट्रॅमेलच्या कचेरीत आला, तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि हातातली काठी तो टेकत नव्हता, आपटत होता. ओपल ही गावातली एकुलती एक खाजगी तपासनीस. कोपऱ्यात तिच्या दिवंगत बहिणीचा नवरा वेंडेल प्रूइट बसला होता. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो रोज इथे येई, तिची गाडी चालवी आणि कोणी न विचारता आपलं मत देई.

हॉइटला पाहून वेंडेल उठून उभा राहिला. 'काउंटी बेल'मध्ये चौतीस वर्षं हा माणूस सायकामोर मैदानावरच्या शर्यतींचा अंदाज लिहीत आला होता. कोणता घोडा जिंकेल, कोणता नुसता देखणा आहे, कोणाच्या वाटेला जाऊ नये. त्याचे अंदाज चुकत, पण त्यानं कधी खोटं लिहिलं नव्हतं. केंटकीच्या त्या कोपऱ्यात कशावर विश्वास ठेवायचा तर एवढ्या एका गोष्टीवर.

"मैदानात शिरायचा माझा बिल्ला काढून घेतलाय," हॉइट म्हणाला. "उद्या दहाला पंचांपुढे सुनावणी. नंतर मला फाटकातून आत सोडणार नाहीत. ते चालेल एकवेळ. पण लबाड म्हणून मी मरणार नाही, बाई."

ओपलनं त्याला बसवलं आणि हळूहळू सगळं काढून घेतलं. रोज पहाटे तो कठड्याशी उभा राहून घोड्यांचा सराव पाही, घड्याळ लावून वेळ टिपून घेई. मग पिवळ्या कागदावर पाटी रंगवल्यासारख्या सुट्या मोठ्या अक्षरांत निवड लिही आणि तबेल्यांमागच्या खानावळीच्या दारावरच्या पत्र्याच्या पेटीत टाकी. दुपारी बाराला 'बेल'ची गाडी येऊन पेटी रिकामी करी. गुरुवारीही त्यानं सकाळी सातला कागद टाकला आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तो शहरात गेला. शुक्रवारी छापून आलं की चौथ्या शर्यतीत कॉपर केटल ही घोडी दिवसातली सर्वांत भरवशाची. गुरुवारी उजाडण्यापूर्वी, मैदानाचे वेळ मोजणारे येण्याआधी, तिनं पाच फर्लांग वाऱ्यासारखे कापले, ते हॉइटनं स्वतः पाहिलं म्हणे.

"आणि मी लिहिलं होतं की ती पाय जपतेय!" हॉइटची काठी पुन्हा आपटली.

चौथी शर्यत विक्रीची होती. अशा शर्यतीत पळणारा प्रत्येक घोडा ठरल्या किमतीला विकाऊ असतो. घ्यायचा तर आधी चिठ्ठी द्यायची. मग फाटक उघडल्या क्षणी घोडा तुमचा, तो जिंको नाहीतर लंगडो. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या व्हर्ना टॅकेटनं हॉइटच्या शब्दावर कॉपर केटल घेतली. दूरच्या वळणावर घोडीचा पुढचा उजवा पाय गेला.

"तो छापलेला मजकूर तुम्हाला कोणी पूर्ण वाचून दाखवला?" ओपलनं विचारलं.

"दोघातिघांनी वाचायला घेतला. मी त्यांना हाकलून दिलं. माझ्या नावावरचा तो कचरा मी ऐकणार नाही. आणि या उजव्या डोळ्यानं मला दारसुद्धा धड दिसत नाही."

ओपलनं मान डोलावली आणि त्याची टिपणवही मागून घेतली. घरी असतील तितक्या जुन्या वह्याही तिला हव्या होत्या.

वेंडेलनं त्या गाडीत नेऊन ठेवल्या. एकोणसाठ वह्या. त्यानं दोनचार चाळल्या. नावं, पायांविषयी टिपणं आणि वेळा: ४८.३, ३६.१, ६०.४. त्याला त्यात काहीच गैर दिसलं नाही आणि तसं त्यानं ओपलला सांगितलं.

"मलाही नाही दिसत," ती म्हणाली. "म्हणूनच त्या हव्या होत्या."

तबेल्यात व्हर्ना घोडीच्या पायाला बर्फाची पट्टी बांधत होती. पाय वाचेल, पण घोडी पुन्हा धावणार नाही, असं पशुवैद्य सांगून गेला होता. हॉइटचं नाव निघताच तिनं पाठ फिरवली. तिनं आणि बहिणीनं एक घोडी घ्यायची म्हणून अकरा वर्षं पैसे साठवले होते. "कोणी दुसऱ्यानं फसवलं असतं तर मी विसरले असते," ती म्हणाली.

'बेल'च्या कचेरीत खेळाच्या पानाची संपादक ब्रेना केस्लर हिनं मूळ पिवळा कागद काढून दाखवला. हॉइटचीच सुटी अक्षरं, खाली हॉइटच्याच आद्याक्षरांची सही. ती हॉइटला कंटाळली होती आणि ते तिनं लपवलंही नाही.

"त्याचं जुनाट लिहिणं रोज मीच बदलून घेते," ती म्हणाली. "सेकंदाचे पाच भाग करतात हे म्हातारे. तो '.३' लिहितो, म्हणजे तीन पंचमांश. मला ते '.६०' करून छापावं लागतं."

"गुरुवारी कोणी केलं?"

"गुरुवारी मी सुटीवर होते. पान आता दुसऱ्या शहरात लागतं. तिकडे जसं येतं तसं छापतात. गोंधळ झाल्यावर मी कागद मागवला आणि अक्षर कोणाचं तेवढं पाहिलं."

कागदावर घोडीच्या नावापुढे लिहिलं होतं: ५ फर्लांग, ५९.७. ओपल त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिली. वेंडेलला वाटलं, तिला चष्मा बदलायला हवा.

मैदानाचा अधिकृत वेळ मोजणारा एमेट फ्यूगेट खानावळीत रताळ्याचा केक खात होता. एक घोडा नाकभर पुढे होता की नाही, यावरून त्याचं आणि हॉइटचं बिनसलं होतं, त्याला वीस वर्षं झाली. त्याच्या तक्त्यावरच्या वेळाही पंचमांशातच होत्या. इथे सगळे असंच लिहितात, माझ्या बापानं शिकवलं, असं तो म्हणाला. हॉइटच्या लेखाबद्दल विचारलं तर त्यानं नाक मुरडलं.

"वीस वर्षांत त्याची एक ओळ वाचलेली नाही मी. पण खोटं? हॉइट? तो माठ आहे, बाई. लबाड नाही."

शेवटचा ड्वाइट लासेटर. कॉपर केटल शुक्रवारपर्यंत त्याची होती. दोनच महिन्यांपूर्वी तो ओक्लाहोमाहून आला होता. तिकडे पाव मैलाच्या सरळसोट शर्यती होतात. गोड बोलणारा, स्वच्छ टोपीचा माणूस. गुरुवारी पहाटे आपण मैदानावर नव्हतोच, हॉइटनं काय पाहिलं ते हॉइटलाच ठाऊक, असं त्यानं हसत सांगितलं.

ओपल एकदम बावळट झाली. आपल्या मेहुण्याला शनिवारी पैसे लावायचेत, तुमचे दुसरे घोडे कसे पळतायत, असं तिनं विचारलं. लासेटर खूश झाला. खिशातलं घड्याळ दाखवत म्हणाला, "आमच्या सरळ शर्यतीत शंभराव्या हिश्श्यानं हारजीत होते, बाई. हे इथले लोक अजून डोळ्यांनी मोजतात." आणि खानावळीच्या कागदी रुमालावर त्यानं तीन वेळा लिहून दिल्या: ४७.८, ६०.६, ३५.९. ओपलनं रुमाल जपून पर्समध्ये ठेवला.

गाडीत बसताच वेंडेल भडकला. "मला कशाला मध्ये ओढलंस? मी त्या माणसाच्या घोड्यावर बटणसुद्धा लावणार नाही."

"तुझे आभार मानते," ओपल म्हणाली. "आता घरी चल. रात्री एकोणसाठ वह्या वाचायच्यात."

मंगळवारी दहाला तिघे पंच लांब टेबलामागे बसले होते. ब्रेना, एमेट, लासेटर आणि व्हर्ना यांना बोलावलं होतं. हॉइट हाताची घडी घालून बसला होता. ओपलनं पिवळा कागद मागून घेतला आणि व्हर्नाच्या हाती दिला.

"मोठ्यानं वाचा. श्री. कंडिफ, आज तुम्ही ऐकायचंच."

व्हर्ना वाचू लागली. तिनं एकही शब्द गाळला नाही. "कॉपर केटल. पाच फर्लांग. एकोणसाठ पॉइंट सात."

"किती?" हॉइट म्हणाला.

"सात."

एमेट फ्यूगेटनं कपाळाला हात लावला. ब्रेनानं कागद ओढून पाहिला आणि तिचा चेहरा पडला. वेंडेल सगळ्यांकडे पाहत राहिला.

"सेकंदाचे पंचमांश सात कुठून येणार?" हॉइट उभा राहिला. "पाच झाले की सेकंद पुरा होतो. एवढं तर शाळेतलं पोरही सांगेल!"

ओपलनं वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "चौतीस वर्षांच्या नोंदी. आम्ही दोघांनी रात्रभर तपासल्या. टिंबापुढे एक, दोन, तीन, चार. चाराच्या पुढचा आकडा एकदाही नाही."

"काय हा खुळेपणा," लासेटर मध्येच बोलला. "पंचमांश कसले? ते सरळ सात दशांश आहेत."

ओपल त्याच्याकडे वळली.

"हे तुम्हाला कसं कळलं?" ओपलनं शांतपणे विचारलं. "एमेटच्या बापानंही पंचमांशच लिहिले. ब्रेना रोज रात्री तेच बदलून घेते. पेटीपर्यंत जाणाऱ्या सगळ्या लोकांत दशांशात लिहिणारा एकच आहे." तिनं रुमाल पंचांपुढे सरकवला. "आठ, सहा, नऊ. काल माझ्यासमोर लिहिलेत. सात ते बारा पेटी उघडी होती, हॉइटचा कागद काढून दुसरा टाकायला तेवढं पुरे. अक्षराची नक्कल कोणीही करील, पाटीसारखं तर आहे. सराव उजाडण्याआधी झाला असं का लिहिलं? एमेटच्या तक्त्यात तो सापडला नसता म्हणून. लंगडी घोडी कोणाच्या तरी गळ्यात बांधायची होती, आणि गिऱ्हाईक आणायला या गावात एकाच माणसाचं नाव पुरेसं होतं. तुम्ही घोडी विकली नाहीत, लासेटर. हॉइटचा शब्द विकलात, जो तुमचा नव्हताच."

लासेटरनं टोपी उचलली, पण दारात मैदानाचा रखवालदार उभा होता.

मुख्य पंचानं हॉइटचा बिल्ला टेबलावरून पुढे सरकवला. हॉइटनं त्याला हात लावला नाही. "आधी छापा," तो ब्रेनाला म्हणाला. "त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत." ब्रेनानं मान खाली घालून होकार दिला. मग एमेटनं तो बिल्ला उचलला आणि हॉइटच्या कोटाला लावला.

विक्री रद्द होईल, असं पंचांनी व्हर्नाला सांगितलं. पैसे तिला मिळतील, घोडी लासेटरकडे परत जाईल.

"पैसे त्यानं द्यावेतच," व्हर्ना म्हणाली. "पण घोडी मी त्याच्या हातात देणार नाही. जप्तीला आलात तरी नाही."

व्हर्ना हॉइटपाशी गेली. चार दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"तुमच्या खऱ्या कागदावर तिच्याबद्दल काय होतं?"

हॉइटला ते तोंडपाठ होतं. "'कॉपर केटल. उजवा पुढचा पाय जपतेय. पैसे लावू नका. हिला कोणीतरी घरी न्या.'"

"नेते," व्हर्ना म्हणाली.